शिशाचं दुपटं

धाराशिव
१४ जून १९५९

चि. सौ. गिरजेला,

तुझ्या चोरट्या आईचा आशीर्वाद. नको असंल तर टपालवाल्याच्या हातात वापस ठिव. त्येचं लगीन जमंना झालंय म्हणं, त्येला कामाला यील.

आळंदच्या मोटार अड्ड्यावर तू समद्या लोकाम्होरं म्हणालीस, "आई, आजपास्नं तू मला मेलीस." बरं बाई. ह्ये भुताचं पत्र समज. भूत पोरगी घिऊन सुखरूप पोचलं. वाटंत नागू मोटारीत वकली, ती नेमकी एका जाड्या पाटलाच्या धोतरावर. त्येनं डोळं वटारलं. म्या म्हणलं, "दादा, पोरगी माझी न्हाय, चोरून आणलीया." त्यो हसला आन् सरकून बसला.

तुझी सासू लक्ष्मम्मा वाईट हाय असं म्या म्हणत न्हाय. तिनं विळा तापवला त्यो मायेनंच. लेकाची पोटदुखी डागानं गेली, म्हणून नातीच्या लंगड्या पायालाबी डाग. पर त्यो लाल विळा बगून नागूनं माझा पदर धरला. तुझा न्हाय, माझा. तू खाली मान घालून भिताडाला टेकली व्हतीस. मंग म्या पोरगी उचलली आन् निघाले. तुझ्या जागी म्या असते तर म्याबी मान खालीच घातली असती, सून म्हणल्यावर. पर म्या कुणाची सून ऱ्हायले न्हाय. रांडमुंड बाईला येवढं तरी सुख.

आता पायाचं सांगते. इथं आण्णासाहेब म्हणून डॉक्टर हाइत, हैदराबादला शिकलेलं. त्येंनी नागूचा पाय वळवला तशी ती किंचाळली. म्हणलं, खुब्याच्या हाडात क्षय शिरलाय. छातीत व्हतो त्योच ह्यो. पाय ताणून बांधायचा, सुया टोचायच्या, आन् वर्स-दीड वर्स आडवं पडायचं. हाड झिजतंय का भरतंय त्ये दर आठ दिसाला मशिनीत बगायचं. असं केलं तर पोरगी चालंल.

मशीन म्हंजी एक अंधारी खोली. खिडक्यांना काळं कापड. आंगणात इंजन धडधडतंय. मधी मेज, त्येच्यावर लेकराला निजवायचं आन् वर डॉक्टर एक काच धरतो. इंजन चालू झालं की काचंवर हिरवा उजेड पडतो, काजव्यागत, आन् त्यात आतली हाडं दिसत्यात. नागूची हाडं म्या बगितली, गिरजे. चिमणीची असावीत तसली. उजवा खुबा कुरतडल्यागत.

डॉक्टर सोता गळ्यापास्नं गुडघ्यापातुर काळा जाड डगला घालतो. म्या म्हणलं, "आण्णासाहेब, तुमाला दिवस गेल्यात का काय, पोट झाकून घेताव?"

त्यो लई हसला. म्हणला, "शिशाचा हाय बाई. ही किरणं रोजची आंगावर घेणं बरं न्हाय."

नागू सारखी हालायची. कंपौंडरनं धरली, त्येला चावली. मंग म्या धरली. तिच्या कुल्ल्याखाली दोनी हात घातलं, घट, आन् कानात म्हणलं, "डॉक्टरच्या पोटात उंदीर शिरलाय. हालू नको, कुठं हाय बगतोय त्यो." गप पडली. डोळं डॉक्टरच्या पोटावर.

ती तुला इचारती. म्या म्हणते, आई दळण दळती, झालं की यील. लई दळण काढलंस बाई तू.

तुझी आई,
कडूबाई


धाराशिव
३० ऑगस्ट १९५९

चि. सौ. गिरजेला,

भुताला जबाब आला न्हाय. असू दे. जावईबापू कल्याणप्पा माझं पत्र आधी फोडून वाचत असतील तर त्यांना हात जोडून शरणार्थ सांग, आन् म्हणावं, अक्षर माझं हाय, चुका शाळंतल्या मास्तरच्या हाइत.

नागू दवाखान्याच्या पडवीत खाटंवर हाय. पायाला दोरी, दोरीला इटा लोंबत्यात. मांजर इटंवर पंजा मारतंय आन् नागू त्येला कानडीत शिव्या देती. शिव्या लक्ष्मम्माच्या हाइत, म्या लगीच वळखल्या. सासूला सांग, नात तिचीच हाय.

मला नोकरी लागली. लेकरं धरायची. त्येच्या बदली नागूची खाट आन् सुया. मशिनीत नेलं की लेकरं बोंबलत्यात. कुणाची आई पोटुशी, कुणाचा बाप अंधाराला भितो, तवा म्हणत्यात कडूबाईला बोलवा. म्या खालनं हात घालते आन् कानात खोटं सांगते. खोटं सांगायचं मला कुणी शिकवावं लागत न्हाय. मशिनीत फोटू काढायच्या प्लेटा सोलापूरहून याव्या लागत्यात, म्हणून डॉक्टर समदं काचंवरच बगतो, सावकाश, पुना पुना.

एक रोज म्या इचारलं, "आण्णासाहेब, तुमाला डगला. कंपौंडर भिताडाआड. आन् नागूला काय?"

"तिचं थोडाच वेळ असतंय बाई."

"दर आठ दिसाला थोडा येळ."

त्यो डगला खुंटीला लावताना म्हणला, "पुस्तकात लिवलंय खरं, लेकराला झाकावं म्हणून. त्यातून ही पोरीची जात. खुबा बगायचा म्हंजी किरणं ओटीपोटातूनच जाणार. पुढं तिला लेकरं व्हायची असत्यात. तिथं शिशाचा तुकडा पायजे. मुंबईहून मागवतो."

मागवतो म्हणणारा गडी म्या जलमभर बगितलाय. तुझा बाप मरंस्तोवर घराला कौलं मागवत व्हता.

मंग म्या चाँदपाशाकडं गेले. त्यो कल्हईवाला, दवाखान्यामागं ऱ्हातो. त्येची बायकू सकिनाबी मला निजाया जागा देती. म्हणलं, "भाई, पोरीच्या पोटावर मावंल येवढा शिशाचा पत्रा ठोकून दे."

त्येचा भाताच थांबला. "आपा, काय बी मागा, सीसा मागू नका. कल्हईत सीसा मिळवणारा लोकाच्या जेवणात जहर मिळवतो. माझ्या बापानं हात लावला न्हाय, दादानं लावला न्हाय. आन् तुमी लेकराच्या आंगाला लावाया बोलताव?"

"खायाला घालायचं न्हाय रे, वर ठिवायचंय."

"आन् लोकानं दुकानात सीसा बगितला तर? उद्या कोण भांडं आणील माझ्याकडं?"

म्या तिथंच ठाण मांडलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगाया लागले, ह्या भाईचं काळीज कथलाचं हाय, चमकतंय झकास पर पातळ हाय. चाँदपाशा कानकोंडा झाला. शेवटाला आतनं सकिनाबी वरडली, "दुकानात नको तर घरामागं ठोका! चूल माझी हाय, पाप माझ्या डोस्क्यावर!"

तेरणा नदीच्या भोयांकडनं जुन्या जाळ्याचं शिशाचं मणी आणलं. चाँदपाशानं त्ये घरामागं वितळवलं, वतलं, ठोकलं. झाल्यावर शिसं वतलं त्यो पळा त्येनं पडक्या कोरड्या हिरीत फेकला आन् आंघूळ केली. म्या त्यो पत्रा जुन्या खणाच्या दोन तुकड्यात घालून शिवला. दिसाया तान्ह्या लेकराचं दुपटं. उचललं की कळतं, दगड हाय.

आता काचंवर हिरवा उजेड पडायच्या आधी म्या नागूच्या ओटीपोटावर दुपटं पांघरते. उन्हात लेकरावर पदर धरतो तसं, उजेडाच्या बाजूनं. डॉक्टरनं बगितलं, हसला, काय बोलला न्हाय. खुबा बाजूला दिसतो, त्येचं काम अडत न्हाय.

एक तरी ओळ लिव. शिवी लिव, पर लिव.

कडूबाई


धाराशिव
२१ फेब्रुवारी १९६०

चि. सौ. गिरजेला,

तुझं कार्ड आलं. चार ओळी, त्यातल्या तीन सासूच्या गुडघ्यावर. चौथी वाचून म्या सकिनाबीला मिठी मारली, तिच्या हातातली परात पडली. तुला दिवस गेल्यात!

आन् खाली कडंला बारीक लिवतीस, "नागूला बगाया येते. मशिनीत म्या धरीन तिला."

येऊ नको.

राग आला? येऊ दे. तू आलीस की नागू मशिनीत 'आई, आई' करणार आन् तू दार ढकलून आत शिरणार. तुझा सोभाव मला ठावं हाय, नको तिथं मान खाली आन् नको तिथं म्होरं. सुर्व्याला गिरान लागल्यावर पोटुशी बाई कशी बसती? चिरत न्हाय, कापत न्हाय, गिरानाच्या सावलीत येत न्हाय. इथं रोज गिरान लागतं. डॉक्टर इंजनानं लावतो. तू तिथंच बस, भाकरी खा, सासूचं गुडघं चोळ.

नागूला म्या सांगितलंय, आईच्या पोटात तुझं खेळणं हाय, त्ये पिकंस्तोवर आई हालायची न्हाय. ती म्हणली, "म्याबी हालत न्हाय, आईबी हालत न्हाय, मंग कोण कुणाकडं यील?" सांग आता, काय जबाब देऊ हिला?

माझी काळजी करू नको. मला काय व्हायचं शिल्लक ऱ्हायलंय? लेकरं झाली, कुकू पुसलं. पोटुशीला गिरान बाधतं, रांडमुंड म्हातारीला कशाला बाधतंय. तरी मशिनीतनं आलं की ऊन पाण्यानं नागूचं आंग पुसते, म्याबी न्हाते. गिरान सुटल्यावर न्हातो तसं. सुटलं की संपलं.

माझ्या दुपट्याचं नाव मातर लई झालंय. माकणीची नूरजहाँ म्हणून बाई हाय. तिच्या पोराचा हात मोडला व्हता. ती दारातच आडवी पडली, "आज्जीचं दुपटं घातल्याबिगर लेकराला आत सोडत न्हाय." डॉक्टरला मला हाक मारावी लागली. म्या मुद्दाम सावकाश गेले. आता समद्या आया मागत्यात. पोराला असो, पोरीला असो, म्या उजेडाकडनं पांघरते, मंगच डॉक्टर इंजन लावाया सांगतो. अणदूरच्या चवथी शिकलेल्या बाईचा इथं हुकूम चालतोय. तुझ्या बापानं बगाया पायजे व्हतं.

कडूबाई


धाराशिव
६ नोव्हेंबर १९६०

चि. सौ. गिरजेला,

लेक झाला, बरं झालं. नाक कुणाचं हाय? लक्ष्मम्माचं असंल तर आत्ताच चोळून घे, हाड कवळं हाय तवर.

नागूच्या इटा सोडल्या. ती खाटंची कड धरून उभी ऱ्हायली, लटलट कापली आन् पयला शबुद काढला त्यो तुझ्यासाठी न्हाय, माझ्यासाठी न्हाय. मांजराला म्हणली, "ये आता." मांजर पळालं त्ये दोन दिस आलं न्हाय. उजवा पाय आखूड ऱ्हाणार. डॉक्टर म्हणला, चालंल, पर तिरकी.

तुझ्या पत्राखाली कल्याणप्पांनी लिवलंय, "लंगडीला पुढं कोण करणार?" जावईबापूंना माझा सवाल सांग, तुमाला कुणी केलं? तुमी तर एका जागी बसून असताव.

पुना पुना आत न्यावी लागती अजून. हाड भरत आलंय, पर डॉक्टरला खात्री पायजे.

अक्षर वाकडं आलंय त्येला हसू नको. सकिनाबीच्या घरी मिरच्या कांडल्या, बोटं भाजल्यात. मिरची अणदूरची असावी, उतरंना झालीया. एक नख गेलं. डॉक्टरनं मलम दिलं आन् लगीच दुसरीकडं बगितलं. त्येलाबी तिखट सोसत न्हाय वाटतं.

लेकाला माझा पापा दे. इकडं आणू नको.

कडूबाई


धाराशिव
१८ सप्टेंबर १९६१

गिरजे,

ह्या पत्रात हसायला काय न्हाय.

गेल्या आठवड्यात सोलापूरहून एक सरकारी डॉक्टरीणबाई आली, पोरांना क्षयाची सुई टोचाया. आण्णासाहेबांनी तिला मशीन दाखवाया आणलं. नागूचा खुबा बगायचाच व्हता. म्या दुपटं घिऊन उभी, नव्या सुनेनं शालू मिरवावा तशी.

डॉक्टरीणबाईनं दुपटं हातात घेतलं, वजन बगितलं. "कुणी केलं हे?"

"चाँदपाशानं ठोकलं, म्या शिवलं."

"आजी, मोठ्या दवाखान्यातसुद्धा एवढं कुणी करत नाही."

म्या फुगले, गिरजे. खोटं कशाला बोलू. मंग नागूला निजवली, तिच्याखाली हात घातलं आन् वर दुपटं पांघरलं. बाई म्हणली, "थांबा. वर कशाला घालता?"

"उजेड वर हाय न्हवं. त्येच्या बाजूनं झाकते."

ती खाली बसली आन् मेजाखाली बोट दाखवलं. तिथं एक लोखंडी डबा हाय. म्या त्येला इतकं दिस इंजनाचाच तुकडा समजत व्हते. त्येच्यावरची धूळ म्याच पुसत व्हते.

"किरण इथून निघतात, आजी. खालून वर. लेकराच्या अंगातून जातात आणि मग वर काचेवर पडतात, तेव्हा काच उजळते. तो उजेड काचेचा. किरण दिसत नाहीत."

"म्हंजी दुपटं?"

"किरण लेकरातून जाऊन झाल्यावर दुपटं त्यांना अडवत होतं. ते खाली घालायला हवं होतं."

आंगणातलं इंजन अजून बंदच व्हतं. नागू मेजावर गप पडली व्हती, तिला वाटलं अजून उंदीर सापडंना. म्या आण्णासाहेबांकडं बगितलं. त्यो डगल्याचा बंद सोडत व्हता.

"तुमाला ठावं व्हतं, आण्णासाहेब? डबा खाली हाय म्हणून?"

"डबा खाली हाय त्ये ठावं व्हतं बाई." मंग डगला काढून म्हणला, "दुपट्याचं माझ्या ध्यानात आलं न्हाय. मला वाटायचं, लेकरांना धीर यावा म्हणून घालताव."

धीर. आयांनी दारात आडवं पडून मागितलं त्ये, आन् ह्यो म्हणतो धीर.

त्येला काय म्हणू? वाईट माणूस न्हाय. नागूचा पाय त्येनंच वाचवला. त्येनं रोज सोताचा डगला घातला, रोज माझं दुपटं बगितलं आन् दोनीचा इचार येका जागी कधी केला न्हाय.

डॉक्टरीणबाईनं माझं हात हातात घेतलं. म्या म्हणलं, मिरच्या. ती म्हणली, "मिरच्या नव्हेत." तुलाबी म्या मिरच्याच लिवल्या. बोटांची कातडी सुकून फाटलीया, दोन नखं गेल्यात, उजव्या हाताच्या मधल्या बोटाला जखम हाय ती वर्सभर मिटंना, कडंनं काळी. ऊन पाणी न्हाऊन काय सुटलं न्हाय, गिरजे. हात खाली व्हतं माझं. डब्याच्या आन् लेकरांच्या मधी.

म्या म्हणलं, "मंग माझ्या हातानं तरी अडलं असंल की थोडं?"

बाईनं मान हालवली, न्हाय. मास काय अडवत न्हाय म्हणं.

मंग इचारलं, "नागूला काय व्हईल? लेकरं व्हतील का तिला?"

"आज सांगता येत नाही. कदाचित काहीही होणार नाही. मोठी झाल्यावर कळेल. कळलं तरी ते यानंच झालं का, हे कुणीच सांगू शकणार नाही."

म्हंजी झालं तरी कळायचं न्हाय आन् न्हाय झालं तरी भ्याव ऱ्हाणारच. म्या तवर असणार न्हाय. तू असशील.

दुपटं आता खाली घालते. आन् ज्या आयांच्या लेकरांवर म्या वरून पांघरलं, त्येंना काय सांगू त्येचा इचार करते. तुला काय वाटतं त्ये लिव. ह्या बारीला लिव.

आई


धाराशिव
२८ जानेवारी १९६२

चि. सौ. गिरजेला,

डाव्या हातानं लिवतीया, त्येनं ओळी चढावर गेल्यात. घाई न्हाय, सावकाश वाच.

तुझं पत्र आलं. "आई, कुणाला सांगू नको. लंगडी तर हायच, आता वांझ म्हणतील. नागूचं लगीन व्हायचं न्हाय." शाईवर पाण्याचं डाग हाइत, त्ये म्या बगितलं. तू खरं बोललीस. आन् म्या तुझं ऐकलं न्हाय. पत्र यायच्या आधीच सांगून बसले व्हते. आधी आलं असतं तरी सांगितलंच असतं. ह्ये मातर खोटं न्हाय.

झालं असं. म्या दुपटं लेकराच्या खाली घालाया लागले, तर आयाच घालू देईनात. "आज्जी, उजेड वर हाय आन् खाली काय घालती? डॉक्टरनं पढवलं व्हय तुला?" एकीनं तर माझ्या हातातनं वढून परत वर पांघरलं. दोन वर्सं म्याच शिकवलं त्येंना. आता काय सांगून पटवू? डब्याचं सांगितलं, कुणाला कळंना. शेवटाला माकणीची नूरजहाँ आली, पोराचा हात वाकडा बसला म्हणून. ती म्हणली, "तुझ्या नातीला वरूनच घालत व्हतीस न्हवं? मंग माझ्या पोराला का खाली?"

म्या म्हणलं, "नातीला उलटं घातलं. तिचं काय व्हणार त्ये ठावं न्हाय. तुझ्या पोरालाबी मागं उलटंच घातलं."

तिनं पोराचा शर्ट वर केला आन् त्येच्या पोटावर, छातीवर हात फिरवला, कुठं काय फुटलंय का बगाया. काय दिसंना तशी आणखी घाबरली. "तुझ्यावर भरवसा ठिवला व्हता ग म्या," म्हणली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, माझ्याजवळ त्येला जबाब असत्यात. मंग तिनं सोताच्या हातानं दुपटं मेजावर आथरलं आन् पोराला त्येच्यावर निजवलं.

तवापास्नं पटतंय. नवी बाई आली की जुन्या सांगत्यात, कडूबाईच्या नातीला उलटं घातलं, तसं करू नको. म्हंजी नागूचं नाव आता धाराशिवात समद्यांच्या तोंडी हाय. तू भ्यालीस त्येच झालं. त्येच्याबिगर लेकरं काय वाचली नसती, दुपटं वरच ऱ्हायलं असतं. नागूला म्या इचारलं न्हाय. सात वर्साच्या पोरीला काय इचारायचं असतंय? ती मोठी झाल्यावर मला शिव्या दील. कानडीत दील. देऊ दे.

चाँदपाशा येऊन पडवीत बसला व्हता. म्हणला, "आपा, मी जहर ठोकलं." म्या म्हणलं, "न्हाय भाई, तू चांगलं ठोकलंस. पांघरणारी येडी निघाली." त्यो हसला न्हाय. म्याबी न्हाय. येरवी आमी दोघं लई हसतो.

परवा म्या सोलापूरला चाललीया. उजव्या हाताची दोन बोटं काढायची, जमलं तर दोनच. सकिनाबी संगं येती. ती म्हणती, "आपा, आता तू चिमटा काढशील कशानं?" म्या म्हणलं, डावा हाय की.

आज नागूचा खुबा शेवटचा बगितला. हाड भरलंय. मला आत सोडलं न्हाय, डॉक्टरीणबाईनं तसं बजावून ठिवलंय. म्या म्हणलं, मंग पोरीला धरंल कोण? नागू म्हणली, "म्या काय ल्हान हाय?" आन् गेली आत. म्या दाराबाहीर. इंजन चालू झालं, बंद झालं. रडल्याचा आवाज न्हाय, काय न्हाय. डॉक्टर बाहीर येऊन म्हणला, "दगडागत पडली व्हती." तिला कुणीच धरलं न्हाय, गिरजे.

तवा आता तू ये. धरायला न्हाय, घिऊन जायला. मला सोलापुरात किती दिस लागतील ठावं न्हाय आन् नागू पडवीत एकली ऱ्हावू ने. कल्याणप्पा नको म्हणतील. लक्ष्मम्मा विळ्याचं नाव काढील, तर तिला सांग, नातीचं हाड भरलंय, आता डागाला जागा न्हाय. ह्ये समदं पत्र त्या दोघांना वाचून दाखव, नागूच्या पोटाचंबी. घरात येणारी पोरगी कशी हाय त्ये त्येंना आधी कळू दे. तरी नको म्हणले तर त्या दिवशी तू मान खाली घालू नको. बास, येवढंच मागते.

लेकाला घिऊन दवाखान्याच्या आत येऊ नको. रस्त्याच्या पल्याड चिंच हाय, तिथं उभी ऱ्हा. नागू तुला लगीच वळखायची न्हाय, लई दिस झालं. हाक मार. ती पायऱ्या उतरंल, उजव्या अंगाला झुकून, सावकाश. तुला वाटंल पडती. पळत जाऊन उचलू नको तिला.

येऊ दे.

तुझी आई,
कडूबाई